घरच्या घरी गाडीचं कूलंट बदलायचं? आधी बोअरचं पाणी बाजूला ठेवा

मार्च संपत आला की आपल्याकडं रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. कन्नडच्या घाटात नाहीतर मांजरसुंब्याच्या चढाला ट्रॅफिक तुंबलं की हमखास दोन-चार गाड्या वाफा सोडत बाजूला घेतलेल्या असतात आणि ड्रायव्हर जवळच्या ढाब्यावरून कॅनभर पाणी आणून रेडिएटरमधी ओतायलेला असतो. त्या वेळी इलाज नसतो ते ठीक आहे, पण मंग घरी आल्यावर ते पाणी काढून टाकायचं कुणालाच आठवत नाही, आणि तेच बोअरचं पाणी वर्ष-वर्ष इंजिनात फिरत राहतं. मराठवाड्यात गाड्यांचे रेडिएटर जितके उन्हानं जातात ना, त्याच्यापेक्षा जास्त या पाण्यानं जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बरेच जण विचारतात की आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, मंग कूलंट कामून टाकायचं, निस्तं पाणी चालतंय की. तर कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन आणि त्यात गंज न चढू देणारी औषधं. थंडीत पाणी गोठू न देणं हे त्याचं एक काम, ते आपल्याला लागत नाही, पण बाकीची दोन कामं लई लागतात. एक म्हणजे उकळायचा पॉइंट वर जातो. साधं पाणी संभाजीनगरच्या उंचीवर साधारण ९८ डिग्रीला उकळतं, तेच अर्धं कूलंट अर्धं पाणी आणि वर रेडिएटरचं प्रेशर कॅप धड असलं की उकळायला १२५-१३० च्या आसपास जावं लागतं. बाहेर परभणी-नांदेडला ४३-४४ डिग्री, एसी चालू, गाडीत पाच माणसं, वर चढ, तेव्हा हा मधला फरकच गाडी वाचवतो. दुसरं काम गंजाचं. आजकाल रेडिएटर ॲल्युमिनियमचा, इंजिनचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, ब्लॉक (खालचा मुख्य भाग) काही गाड्यांत लोखंडाचा, या सगळ्यांतून एकच पाणी फिरतं, आणि त्यात औषध नसलं की कुठंतरी खायला सुरू होतंच.

आणि बोअरचं पाणी म्हणजे त्यात क्षार. गिझरची कॉइल काढून बघा, पांढरा थर बसलेला असतो, तोच थर इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम खाली बसतो, एवढं साधं आहे. घरी आरओ असलेल्यांकडं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र असतंय, एकदा बोअरच्या पाण्यात बुडवून बघा. पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसली तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे, आपल्या बऱ्याच बोअरचा आकडा हजाराच्या पुढं सहज जातो. इंजिनात घालायला मात्र डिस्टिल्ड वॉटरच पाहिजे, ज्याचा आकडा शून्याच्या आसपास असतो. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो, स्वस्त असतो, त्यात काटकसर करू नका. आरओचं पाणी डिस्टिल्ड नाही, त्यात क्षार कमी असले तरी असतात, पण पहिल्या एक-दोन धुण्याला जारचं पाणी चालून जातं, शेवटचं धुणं आणि भरणं मात्र डिस्टिल्डनंच.

आधी हे बघा, मंगच पाना हातात घ्या

गाडीचं मॅन्युअल डिकीत नाहीतर ग्लोव्ह बॉक्समधी पडलेलं असतं, ते काढा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या, कूलंट कोणत्या प्रकारचं आणि एकूण किती लिटर. छोट्या गाड्यांत साधारण चार ते सहा लिटर असतं, मोठ्या डिझेल एसयूव्हीत बरंच जास्त. अंदाजानं चालू नका, हा आकडा पुढं हिशोबाला लागणार आहे.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. दुकानदार म्हणतो "हिरवं देऊ का लाल?" जणू रंगपंचमी चाललीय. रंग हा कंपनीनं टाकलेला असतो, त्याचं काही सर्वमान्य प्रमाण नाही. सुझुकीचं लाँग लाइफवालं निळं येतं, टोयोटाचं गुलाबी, जुन्या पद्धतीचं साधारण हिरवं, पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं हिरवं आतून वेगळं असू शकतं. आतल्या औषधांचे प्रकार वेगळे असतात आणि चुकीचे दोन एकत्र झाले की गंजाचं औषध कामातून जातं, कधी कधी त्याचा चिकट गाळ पण होतो आणि तो नळ्यांत अडकतो. मॅन्युअलमधी जे लिहिलंय तेच डब्यावर लिहिलेलं बघून घ्या.

डब्यावर अजून एक गोष्ट बघायची, रेडी-मिक्स आहे का कॉन्सन्ट्रेट. रेडी-मिक्समधी पाणी आधीच घातलेलं असतं, तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेटमधी तुम्ही पाणी घालायचं. काही जण म्हणतात कॉन्सन्ट्रेट तसंच टाकलं तर जास्त गार राहील, ते चूक आहे, निस्तं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता ओढून नेत नाही, इंजिन उलट जास्त तापतं.

आता एक तपासणी, सकाळी गाडी पूर्ण गार असताना. इंजिन ऑइलची कांडी काढून बघा, आणि ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर थांबा, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) नाहीतर ऑइल कूलर गेलेलं असू शकतं, ते काम मेकॅनिकचं आहे. कूलंट बदलून ते बरं होत नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पण हे काम घरी करू नये.

सामान फार लागत नाही. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पान्यांचा सेट, पसरट टब किंवा घमेलं, नरसाळं, लिटरची मापं असलेली बादली किंवा मग, रबरी हातमोजे, जुनी फडकी, आणि रिकामे कॅन. चष्मा घाला डोळ्याला. गाडी सपाट जागेवर मोकळ्या हवेत लावा, बंद शेडमधी इंजिन चालू ठेवायचं नाही, धुराचा वास येत नसला तरी त्यातला विषारी वायू माणूस मारतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा. आणि निस्त्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीच शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी. बऱ्याच गाड्यांत समोरून खाली हात घालून ड्रेन प्लगपर्यंत पोचता येतं.

जुनं काढायचं

गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, सकाळचं काम सगळ्यात चांगलं. गरम इंजिनचं झाकण उघडलं की आतलं प्रेशर सुटतं आणि उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं, यात "जरासं ढिल्लं करून बघू" असला प्रकार नसतो. गार असली तरी वर जाड फडकं टाकून हळू फिरवा. झाकण कुठंय ते गाडीगणिक वेगळं असतं. काही गाड्यांत रेडिएटरवरच धातूचं कॅप असतं आणि बाजूला एक साधा प्लास्टिकचा डबा असतो, तर काहींत रेडिएटरवर कॅपच नसतं, एकच प्रेशरचा डबा असतो आणि त्याचंच चूडीचं झाकण उघडायचं. काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरतो, म्हणून तिथं बोटं घालू नका.

हीटरचा नॉब पूर्ण गरमवर करून ठेवा. काही गाड्यांत त्यानं हीटरच्या नळीचा व्हॉल्व्ह उघडतो, काहींत काही फरक पडत नाही, पण नुकसान नाही.

रेडिएटरच्या तळाला एका कोपऱ्यात प्लास्टिकचा ड्रेन प्लग असतो, खाली टब ठेवून तो हळू सोडा. प्लास्टिक जुनं झालं की ठिसूळ होतं, म्हणून पक्कडीनं जोर लावू नका. प्लगच नसेल तर खालच्या जाड पाइपाची क्लिप पक्कडीनं दाबून मागं सरकवा आणि पाइप जरासा पिळून ओढा, पण इथं पाणी एकदम भसकन येतं, टब मोठा पाहिजे. बाजूच्या डब्यातलं पण काढा, त्याच्या बुडाशी गाळ बसलेला असतो.

जे निघालं ते मापा. हे लोक करत नाहीत आणि मंग सगळा हिशोब चुकतो. आणि निघालेलं बघा पण. स्वच्छ, मूळ रंगाचं असेल तर आनंदाची गोष्ट, तुम्हाला धुवायची गरजच नाही, त्याच प्रकारचं नवीन भरा आणि विषय संपला. गढूळ, विटकरी, त्यात गंजाचे कण, किंवा निस्तं पाणीच निघालं, तर धुवा.

धुणं

प्लग लावा, रेडिएटर पाण्यानं भरा, इंजिन चालू करा आणि पाण्याची पातळी खाली गेली की अजून घाला. रेडिएटरमधलं पाणी इंजिनात खेळायला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणारा व्हॉल्व्ह, उघडावा लागतो, आणि तो बहुतेक गाड्यांत ८० ते ९० डिग्रीच्या मधी उघडतो. तोपर्यंत धुणं नावालाच आहे. बरेच जण पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करतात, तेवढ्यात ब्लॉकमधली घाण जागची हलत पण नाही. ओळखायचं कसं, तर वरच्या जाड पाइपाला वरच्यावर हात लावून बघा, आधी गार असतो आणि मंग थोड्याच वेळात चांगला गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. आता कॅप लावून टाका, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा आणि पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत चालू द्या.

मंग इंजिन बंद करून परत गार होऊ द्यायचं. खरा वेळ इथंच जातो. घाईत गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून जेवण करा, शेतात चक्कर मारून या. गार झालं की सोडा, परत भरा, परत चालवा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

दुकानात फ्लशिंगचं केमिकल मिळतं. गंज खूप असेल तरच वापरा, डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा, आणि नंतर त्याचा थेंब आत राहू नये म्हणून दोनदा जास्त धुवा. फार जुन्या, क्षारानं भरलेल्या रेडिएटरमधी केमिकल घालताना विचार करा, कधी कधी त्या थरानंच बारीक भोक बुजवून ठेवलेलं असतं आणि थर निघाला की गळती दिसायला लागते. दोष केमिकलचा नसतो, रेडिएटर आधीच गेलेला असतो, पण तुमचा रविवार जातो.

गार होईस्तोवर दुसरी कामं उरका. पाइप दाबून बघा, फुगलेला, लिबलिबीत किंवा तडकलेला असेल तर आत्ताच बदला. शेतात गाडी लावणाऱ्यांनी उंदरानं कुरतडलंय का ते बघा. रेडिएटरच्या जाळीत कापसाच्या दिवसांत रुई अडकते, ऊसाच्या दिवसांत पाचटाचा भुसा, आणि वर धूळ, ते सगळं साध्या पाइपाच्या हलक्या पाण्यानं इंजिनाच्या बाजूनं बाहेर ढकला. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, बारीक पत्र्या वाकतात. जालना-परभणीकडं कितीतरी गाड्या निस्त्या या रुईनं तापतात, आतून काहीच बिघडलेलं नसतं. कॅपचं रबर पण बघा, कडक झालं असेल तर नवीन घ्या, त्यावर जेवढं प्रेशर छापलंय तेवढ्याचंच.

भरायचा हिशोब

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा. समजा मॅन्युअलमधी एकूण ५ लिटर लिहिलंय आणि प्लग सोडल्यावर तुमचं ३ लिटरच निघालं. मंग उरलेलं २ लिटर कुठं गेलं? ते ब्लॉकमधी आणि हीटरच्या नळ्यांत आहे, आणि तुम्ही धुतल्यामुळं आता ते निस्तं पाणी आहे. यावर तुम्ही निम्मं पाणी असलेलं ३ लिटर रेडी-मिक्स ओतलं तर त्यात ग्लायकॉलचा भाग दीड लिटर, म्हणजे एकूण ५ लिटरमधी ३० टक्केच झाला. तुम्हाला वाटतंय निम्मं-निम्मं आहे, आणि आत आहे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी.

म्हणून धुतलं असेल तर कॉन्सन्ट्रेट घ्या. ५ लिटरच्या गाडीला निम्मं म्हणजे अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, आणि राहिलेली अर्धा लिटर जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरा. आत गेल्यावर सगळं मिसळून बरोब्बर ५०-५० होतं. बाजूच्या डब्यात मात्र आधी मिसळलेलंच घाला.

तुमच्या गाडीचं कूलंट रेडी-मिक्समधीच मिळत असेल तर दुसरा मार्ग आहे. एकदा भरा, थोडे दिवस गाडी चालवा, गार असताना परत ३ लिटर काढून नवीन ३ लिटर भरा. हिशोब करून बघा, ३० टक्क्यांवरून ४२ वर येतं, अजून एकदा केलं की ४७ च्या जवळ. खर्च वाढतो, पण काम नीट होतं. ब्लॉकलाच वेगळा ड्रेन प्लग असलेल्या गाड्या पण आहेत, तिथून काढलं तर हा सगळा कुटाणा कमी होतो, फक्त तो प्लग जाम झालेला असेल तर त्याच्याशी झटू नका.

हवा काढायची

नरसाळं लावून हळूहळू ओता, गडबडीत ओतलं की हवा आत अडकते. थोडं भरलं की वरचा-खालचा पाइप हातानं दाबा-सोडा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत घाला. काही गाड्यांत पाइपावर किंवा थर्मोस्टॅटजवळ हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, तो सोडून बुडबुड्याशिवाय सलग धार येईपर्यंत भरायचं आणि लगेच बंद करायचं. स्क्रू नसेल तर गाडीचं तोंड जरासं चढावर ठेवलं की हवेला वर यायला सोपं जातं.

कॅप उघडं ठेवून इंजिन चालू करा, हीटर गरमवर, आणि बाजूला उभं राहून बघा, तोंड वर आणू नका. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरली की भरत राहा. बुडबुडे थांबले आणि वरचा पाइप तापला की कॅप लावा. प्रेशरच्या डब्यावाल्या गाड्यांत मॅन्युअलमधी जी पद्धत दिली असेल तीच धरा, काहींत झाकण लावूनच चालवायचं असतं. आता हीटरची हवा बघा. इंजिन तापलंय तरी हीटरमधून गार हवाच येत असेल तर आत अजून हवा अडकलीय. काटा एकदम वर जाऊन परत खाली येत असेल तरी तेच. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, परत भरा.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. सीएनजीच्या रिड्यूसरला (गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवायला याच कूलंटचे दोन पाइप गेलेले असतात. त्यात हवा राहिली की रिड्यूसर गारठतो, गाडी गॅसवर जायला वेळ लावते किंवा झटके द्यायला लागते, आणि माणूस ट्यूनिंग करत बसतो. कूलंट बदलल्यानंतर असं झालं तर आधी हवा काढा आणि किट बसवताना टाकलेल्या टी-जॉइंटवर गळती आहे का ते बोट फिरवून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत पातळी बघा, थोडी उतरलेली असते, मिन आणि मॅक्सच्या मधी आणून ठेवा. आठवडाभर रोज सकाळी एक नजर टाका. आठवड्यानंतरही रोज उतरतच असेल तर कुठंतरी गळतंय नाहीतर इंजिन पितंय. बॉनेटच्या आत मार्करनं तारीख, किलोमीटर आणि कूलंटचं नाव लिहून ठेवा, पुढच्या मेकॅनिकनं वेगळं ओतू नये म्हणून.

आता काढलेल्या पाण्याचं काय? इथं लई जण निष्काळजीपणा करतात. कूलंट विष आहे आणि चवीला गोड असतं, म्हणून कुत्रं, शेळी, वासरू ते चाटतं आणि मरतं. काम चालू असताना टब अंगणात उघडा सोडून चहाला जायचं नाही, सांडलेल्यावर लगेच माती टाकून ते टिपून उचलायचं, मंग जागा पाण्यानं धुवायची. नालीत, विहिरीजवळ, शोषखड्ड्यात ओतायचं नाही. पहिलं निघालेलं जुनं कूलंट आणि पहिल्या धुण्याचं पाणी कॅनमधी झाकण लावून ठेवा आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारून द्या, त्यांच्याकडं असला कचरा वेगळा गोळा होतो. जुन्या ऑइलमधी मात्र मिसळू नका. कुणी चुकून पिलं तर घरगुती उपाय न करता डबा सोबत घेऊन तसंच दवाखान्यात जायचं, माणूस सुरुवातीला ठीक वाटला तरी.

उरलेल्या कॉन्सन्ट्रेटमधी तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून एक लिटर डिकीत ठेवा, घाटात कामाला येतं. पण ते कूलंटच्याच मूळ डब्यात, वर नाव दिसेल असं. कोल्ड्रिंकच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं रंगीत कूलंट लेकरांच्या हाती लागायला एक उन्हाळी दुपार पुरते.